इग्बो गावाची मूळकथा टाईप करून देतेय, पण मुलांचा क्रम बदललाय. काय करू?

मस्जिदबंदरची (सोमवार, रात्री 10:52)

जरा वेगळाच प्रश्न आहे. कोणाला यातलं कळत असेल तर सांगा.

मी मस्जिद बंदरला एका कापड-एक्स्पोर्टच्या पेढीत एकोणीस वर्षं आहे. बिलं, पॅकिंग लिस्ट, बँकेची कागदपत्रं, सगळं माझ्याकडे. आमचा बराच माल नायजेरियाला जातो. लेस जाते, आणि 'जॉर्ज' म्हणतात ते टिकल्या-मण्यांनी मढवलेलं जड कापड. तिकडच्या इग्बो बायका लग्नकार्यात कमरेला दोन-दोन जॉर्ज नेसतात, एकावर एक. आपल्या शालूचं काय ते कौतुक!

आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, सत्तरीच्या आसपासचं. सगळे त्यांना 'चीफ' म्हणतात म्हणून मीही म्हणते. गेल्या जुलैत ते आणि त्यांच्याच गावचा एक अठ्ठावीस-तीस वर्षांचा मुलगा पेढीवर आले आणि धो धो लागला. लोकल बंद, खाली गुडघाभर पाणी. दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत आम्ही सगळे अडकलो. तेव्हा चीफनी खिशातल्या रुमालातून एक फळ काढलं. कोला. दिसायला सोललेल्या फणसाच्या आठळीसारखं, पण गुलाबी-तांबूस. आमच्या शिपायाकडून स्टीलची ताटली मागवली, कोला तीत ठेवला आणि पाचेक मिनिटं इग्बोत प्रार्थना म्हटली. मध्ये मध्ये तो मुलगा 'इसे' 'इसे' म्हणत होता. मला एकदम आमच्याकडचं गाऱ्हाणं आठवलं, 'व्हय म्हाराजा'. मी म्हटलं, इंग्रजीत सांगा की, आम्हालाही कळेल. तर म्हणाले, "कोलाला इंग्रजी कळत नाही."

फोडल्यावर चार पाकळ्या निघाल्या. चीफ खूश. चार म्हणजे शुभ, कारण त्यांचा आठवडाच चार दिवसांचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो. बाजारही त्याच नावांचे भरतात, आपल्याकडे बुधवारचा बाजार म्हणतात तसे. मी म्हटलं पुढच्या वेळी मी फोडते, तर दोघे हसले. बायका कोला फोडत नाहीत. खातात मात्र. (चव? हिरडा चघळून वर सुपारी खाल्ल्यासारखी. तुरट, कडू, आणि रात्री झोप नाही.)

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. ताटली चीफनी आधी त्या पोराकडे केली, स्वतः नंतर घेतलं. मी विचारलं, मोठे तुम्ही ना? ते म्हणाले, वयानं मी, पण त्याची पाखाडी (गावातली वाडी) मूळपुरुषाच्या थोरल्या मुलाची, माझी दुसऱ्याची. आणि मग गावाची गोष्ट सांगितली.

त्यांचं गाव स्वतःला एरीचं म्हणवतं. चुक्वूनं, म्हणजे त्यांच्या सगळ्यात मोठ्या देवानं, एरीला आभाळातून खाली सोडलं. खाली नुसता चिखल, पाय टेकायला जागा नाही. एरी बसला वारुळावर आणि तक्रार केली. तेव्हा चुक्वूनं ऑका गावचा एक लोहार पाठवला, भाता आणि कोळसा घेऊन. त्यानं भाता मारमारून जमीन सुकवली. (भरणी टाकून शहर उभारणाऱ्या मुंबईकराला हे पटायला काहीच हरकत नाही.) एरी होता तोवर खाणं आभाळातून यायचं. तो गेल्यावर बंद. त्याचा मुलगा न्री चुक्वूकडे गेला. चुक्वू म्हणाला, तुझा थोरला मुलगा आणि थोरली मुलगी मारून पूर. मुलाच्या थडग्यातून याम उगवला, म्हणजे आपल्या कोनफळाचा भाऊ, आणि मुलीच्या थडग्यातून अळकुडी. म्हणून आजही याम पुरुषांचं पीक आणि अळकुडी बायकांचं. आमचे शेठजी जैन. ते कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून म्हणाले, "म्हणूनच आम्ही कंदमूळ खात नाही."

त्याच वंशातल्या एकानं पुढे चीफचं गाव वसवलं, त्याला चार मुलगे, त्यांच्या चार पाखाड्या.

चीफच्या मुलांना हे ऐकायला वेळ नाही. नव्या यामच्या सणाला गावची पुस्तिका काढायची आहे, ती मी टाईप करून द्यावी असं त्यांनी सुचवलं. मी हो म्हटलं. जुलैत सांगितलेला क्रम माझ्या जुन्या डायरीत लिहिलेला आहे. नोव्हेंबरात फोन आला: पहिला आणि दुसरा मुलगा उलटा लिही. म्हणजे चीफची पाखाडी थोरली! मी म्हटलं, चीफ, ताटली तर तुम्ही त्याला आधी दिली होती. ते म्हणाले, "ती तुझ्या ऑफिसात दिली. पुस्तक गावात जाणार."

त्यात ओनित्शाची एक गिऱ्हाईक बाई आली, ती म्हणाली आम्ही इग्बो पण एरीबिरी आमचं कोणी नाही, आमचा मूळपुरुष एझे चिमा, तो बेनिनच्या राज्यातून आला. आणि तो तरुण मुलगा मला व्हॉट्सअॅपवर पाठवतोय की एरी म्हणजे बायबलमधला, आम्ही मूळचे इस्राएलचे.

तर खरं काय लिहू? की सांगतील ते टाईप करून मोकळी होऊ? गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथे जमिनीचा दावा चालू आहे.

---

दप्तरातला_उंदीर (सोमवार, रात्री 11:40)

ताई, दावा चालू आहे हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत. ते पहिल्या ओळीत हवं होतं. तुमचं उत्तर तिथेच आहे.

मी जुन्या कागदपत्रांच्या खात्यात नोकरी केली, आता निवृत्त. आपल्याकडे 1852 मध्ये इनाम जमिनींचे हक्क तपासायला इंग्रजांचं इनाम कमिशन बसलं तेव्हा दख्खनमधल्या घराघरांतून कैफियती बाहेर पडल्या. आमच्या मूळपुरुषानं अमुक लढाईत तमुक केलं, म्हणून ही जमीन. त्यातलं किती खरं, किती कमिशन दारात आलं म्हणून आठवलेलं, हे लावता लावता आमची नजर गेली.

इग्बो मुलखात हेच 1929 नंतर झालं. इंग्रजांनी तिथे गावोगावी 'वॉरंट चीफ' नेमले होते. ज्या समाजात बहुतेक ठिकाणी राजाच नव्हता तिथे कागद देऊन राजे केले. 1929 मध्ये बायकांनी त्याविरुद्ध मोठा उठाव केला, कोर्टं जाळली, गोळीबारात पन्नासच्या आसपास बायका मेल्या. मग सरकार जागं झालं आणि 1930 च्या दशकात अधिकाऱ्यांना गावोगाव पाठवलं: यांचा मूळपुरुष कोण, पाखाड्या किती, थोरली कोणती, लिहून आणा. त्यावर नवी कोर्टं आणि पंचायती ठरणार होत्या. साहेब वही उघडून बसला की म्हातारे काय सांगतील? तुमचे चीफ सांगतात तेच. बऱ्याच गावांच्या कथा पहिल्यांदा कागदावर आल्या त्या अशा.

न्रीचं (एरीच्या त्या मुलाच्या नावाचं गाव) थोडं आधीचंही मिळतं. नॉर्थकोट थॉमस नावाचा सरकारी मानववंशशास्त्रज्ञ 1910-11 मध्ये ऑका-न्री भागात फिरला, मेणाच्या नळकांड्यांवर आवाज भरून घेतले, फोटो काढले. न्रीचं वजन तलवारीचं नव्हतं. तिथली माणसं हातात शांतीचा भाला घेऊन परमुलखात फिरायची. कुठे भूमीचा विटाळ झाला, खून झाला, निषिद्ध काही घडलं, की ते शुद्ध करून द्यायची, आणि त्यांना कोणी हात लावत नसे. 1911 मध्ये इंग्रजांनी तेव्हाचे एझे न्री (न्रीचे धर्मगुरू-राजे) ओबालिके यांना ही धर्मसत्ता सोडायला लावली.

माझा सल्ला: दोन्ही क्रम लिहा. प्रत्येकाखाली कोणी सांगितलं, कधी, कुठे बसून. जुलैची डायरी फेकू नका.

---

खरं_बोला_राव (मंगळवार, सकाळी 8:15)

एवढं कशाला? डीएनए टेस्ट करा, विषय संपला.

---

शनवारतेली (मंगळवार, दुपारी 1:30)

@खरं_बोला_राव, आमची झालीय, विषय संपला नाही.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, ठाण्यात राहते, घरी मराठीच. आमची गोष्ट अशी की अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आम्ही त्यांचे. तेलाचे घाणे चालवायचो आणि शनिवारी बंद ठेवायचो म्हणून गावानं नाव पाडलं शनवार तेली. 2016 मध्ये जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा अंश निघाला आणि इथल्या लोकांचाही निघाला. पण सात आणि सातच का, हे कुठली लॅब सांगणार? चित्पावनांच्या गोष्टीतही समुद्रातून आलेली चौदाच प्रेतं आहेत. एकाच किनाऱ्यावर शेजारी राहून आकडा कोणी कोणाचा उचलला, देव जाणे.

तुमच्या तरुण मुलाबद्दल. बायबलातल्या उत्पत्तीच्या 46 व्या अध्यायात इस्राएलचा मुलगा गाद, त्याच्या मुलांमध्ये एरी हे नाव खरंच आहे. ओनित्शाला ख्रिस्ती मिशन आलं 1857 मध्ये. बायबल हातात आल्यावर कोणीतरी ती यादी वाचली असेल आणि ओरडला असेल, अरे हा तर आपला! मी त्याला हसणार नाही. इग्बोंच्या आणि ज्यूंच्या रीतीभातींची तुलना त्याच्याही आधीची आहे. गुलाम म्हणून विकला गेलेल्या आणि पुढे सुटलेल्या ओलाउदा एक्वियानोनं 1789 मधल्या आत्मचरित्रात ती केली आहे. सुंता वगैरे. आमच्याही पूर्वजांना 'तुम्ही ज्यू आहात' हे डेव्हिड रहाबी नावाच्या बाहेरच्या माणसानं येऊन सांगितलं, असं आम्हीच सांगतो. आमच्या आजीला ती गोष्ट फार आवडायची, कारण त्यात रहाबी पारख करायला बायकांपुढे मासे ठेवतो आणि बायका बिनखवल्यांचे बाजूला काढतात. हुशार कोण, तर बायका.

पुस्तिकेत ते 'काही तरुण असं म्हणतात' असं घाला. मुलाचा मान राहील, चीफचाही.

जाता जाता: तुमच्या पेढीपासून चालत जाता येईल असं आमचं 1796 चं सिनेगॉग आहे, सॅम्युअल स्ट्रीटवर. 'मस्जिद' स्टेशनचं नाव त्याच्यावरून पडलं असं आम्ही मानतो. ही घ्या आणखी एक मूळकथा.

---

अकीक (मंगळवार, रात्री 9:05)

माझा खड्यांचा धंदा आहे, म्हणून फक्त एक भर. न्रीपासून फार लांब नाही अशा इग्बो-उक्वू गावात 1938-39 च्या सुमारास इसाया अनोझी हा माणूस अंगणात पाण्याची टाकी खणत होता, त्याला काशाची भांडी लागली. 1959-60 मध्ये थर्स्टन शॉनं तिथे उत्खनन केलं. एक मोठा माणूस बसवून पुरलेला, हत्तीचे दात, मेणाच्या साच्यातून ओतलेली इतकी बारीक भांडी की वर माशी आणि टोळ बसलेले दिसतात. काळ नववं-दहावं शतक. आणि मणी दीड लाखाहून जास्त, काचेचे आणि अकीकाचे! त्यातले काही अकीक गुजरातेतल्या खंबायतचे असावेत असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे ताईंच्या शेठजींच्या आधी हजार वर्षं आमच्या धंद्यातल्या कोणाचं तरी गिऱ्हाईक तिथे असू शकतं.

महत्त्वाचं म्हणजे काशाच्या काही चेहऱ्यांवर कपाळापासून रेघा आहेत. न्रीचे मानकरी चेहऱ्यावर 'इची' नावाचे व्रण करून घेत, त्या तशाच दिसतात. गोष्ट कोणी कितीही फिरवो, चेहरा हजार वर्षं बदलला नव्हता.

---

मस्जिदबंदरची (रविवार, दुपारी 4:20)

सगळ्यांचे आभार. शनवारतेली ताई, काल लंच टाईममध्ये सॅम्युअल स्ट्रीटला जाऊन बाहेरून बघून आले. एकोणीस वर्षं त्या रस्त्यानं जातेय.

दप्तरातला_उंदीर काका, तुमचा प्रतिसाद वाचून मला आमचाच शिमगा आठवला. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. आजोबा सांगायचे, तिघे भाऊ घाटावरून देवीला घेऊन उतरले, थोरल्याची वाडी आमची, म्हणून पालखी पहिली आमच्याकडे. खालच्या वाडीतले सांगतात, थोरला त्यांचा, आमचा मधला, फक्त तो चालायला वेगवान होता म्हणून आधी पोचला. त्यावरून एका वर्षी पालखी सहाणेवरून उचललीच नाही, देवी रात्रभर तिथेच. मी दहा-अकरा वर्षांची होते, आईनं आम्हाला घरात कोंडून ठेवलं होतं. आजोबांना तेव्हा कोणी टाईप करून देणारं भेटलं असतं, तर त्यांनीही फोन केलाच असता.

मग चीफना मीच फोन लावला. म्हटलं, दोन्ही क्रम तारखांसकट घालते. ते चिडले नाहीत. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, त्या पोराच्या आजोबांनी 1960 च्या आधी असंच एक चोपडं छापलं होतं, त्यात चीफची पाखाडी चौथी दाखवली होती. चौथी! ते चोपडं दाव्यात पुरावा म्हणून लावलंय. तेव्हा 'तारखा नकोत, तारखा वकील वाचतात,' म्हणाले.

शेवटी तिसरंच ठरलं. एक-दोन-तीन-चार असे आकडे कुठेच घालायचे नाहीत. 'मूळपुरुषाला चार मुलगे होते' एवढंच, आणि खाली एक गोल काढून चार बाजूंना चार नावं. गोलाला थोरला-धाकटा नसतो, असं त्यांचं म्हणणं. त्या पोरालाही हे चाललं. एरी, वारूळ, लोहार, याम, अळकुडी सगळं पूर्ण आहे, इस्राएल एका परिच्छेदात. जुलैची डायरी माझ्या कपाटात कुलपात आहे.

गोल मला जमेना, म्हणून खालच्या डीटीपीवाल्याकडे फाईल दिली. त्यानं पाच मिनिटांत फोन केला: "मॅडम, वरच्या बाजूला कुठलं नाव घेऊ?"