'मठ बसवला' लिहू की 'स्थापन केला'?

वावरधुरा: युरोपातल्या कॅथलिक मठांवरचा एक लेख मराठीत करतो आहे अन् दोन दिवसांपासून एका क्रियापदावर अडलो. १०९८ मधे रॉबर्ट नावाचे मठाधिपती मोलेमचा मठ सोडून वीसेक जणांसोबत फ्रान्समधल्या सितोच्या दलदलीच्या रानात गेले, झाडं तोडून राहती जागा केली, तिथून सिस्टर्शियन पंथ सुरू झाला. मी लिहिलं "मठ बसवला". संपादक म्हणतात "स्थापन केला" करा, बसवला गावठी वाटतं. आमच्या दारव्ह्याकडे गाव बसवतात, गणपती बसवतात, विहिरीवर मोटार बसवतात. रान तोडून उभं केलं त्याला स्थापना कसं म्हणू?

निवृत्त मास्तर: संपादकांचं बरोबर आहे. धंदा बसला, भिंत बसली म्हणजे काय होतं? छापील मराठीला शिस्त हवी. अन् मठ कशाला, विहार लिहा.

संत्राबाग: सर, नागपूरकडे विहार म्हटलं की बुद्धविहारच. आश्रम चालेल का? केरळात वागमोनजवळ १९५८ मधे ह्याच वळणाचा मठ सुरू झाला त्याचं नावच कुरिसुमला आश्रम, गाई पाळून दुधावर चालवतात.

माहेर रिद्धपूर: आश्रम म्हटलं की आमच्याकडे आश्रमशाळा डोळ्यासमोर येते, नाहीतर सेवाग्राम. तिथं माणूस चार महिने राहून परत जाऊ शकतो. ह्या लोकांची तर शपथच, ज्या मठात व्रत घेतलं तिथंच मरेपर्यंत राहीन, संत बेनेडिक्टनं मठातल्या साधूंसाठी लिहिलेल्या नियमातली. आमच्या महानुभाव भिक्षूला उलट सांगितलंय की एका जागी राहू नको, अटन कर, तरी रिद्धपूरला मठ झालेच न. भाऊ, मला बसवला हेच पटतं, ते खरंच तिथं बसले.

वावरधुरा: ताई, हे फार कामाचं सांगितलं. अजून एक, ह्या मठांत दोन थर असत, वेळेवर प्रार्थना गाणारे साधू अन् शेती-गुरं सांभाळणारे बहुतेक निरक्षर बंधू, त्यांचं जेवणं-झोपणं वेगळं. ह्या दुसऱ्यांसाठी मी "सालदार" लिहिलंय.

सालदाराचा पोर: नका लिहू. माहे वडील अठरा वर्ष सालदार होते. पाडव्याले साल ठरे, उचल फेडता फेडता पुढचं साल लागे. पटलं नाई तं मालक बदलता येत होता, घरी बायकोलेकरं होती. ह्या बंधूनं जन्मभराचं व्रत घेतलं, माह्या बापानं देवाले साल नाई देल्लं, मालकाले देल्लं.

निवृत्त मास्तर: सेवकबंधू लिहा.

संत्राबाग: सेवक म्हणजे पुन्हा नोकरच. पवनारला विनोबांनी १९५९ मधे बायकांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं (बघा, "काढलं" पण चालतं!), तिथं स्वयंपाक, झाडलोट, शेती सगळं बहिणीच करतात, थरच नाहीत, म्हणून आपल्याकडे ह्याला तयार शब्द सापडत नाही.

सालदाराचा पोर: मायले विचारलं आत्ता. ती म्हणे, "देवाले वाह्यलेला गडी" म्हना.

निवृत्त मास्तर: माणूस देवाला वाहिला म्हटलं की मुरळी आठवते. त्या बंधूंनी स्वतःहून व्रत घेतलं, त्यांना कुणी वाहिलं नाही. हा शब्द फार जपून वापरा.

सालदाराचा पोर: मंग सर तुमी दुसरा सांगा. पन सालदार काढा तेथून.