एकेक दाणा टाकू नका

ज्वारीच्या एका दाण्याचं वजन कसं काढायचं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की ०.०१ ग्रॅमपर्यंतच आकडा दाखवणाऱ्या काट्यावर एक दाणा नीट मोजता येत नाही, त्यापेक्षा शंभर दाण्यांचं एकदम वजन करून भागाकार करावा. पूर्ण सहमत. दाणा साधारण ३० मिलिग्रॅमचा, काटा ०.०३ दाखवतो तेव्हा खरं वजन २५ ते ३५ मिलिग्रॅममध्ये कुठेही असू शकतं. म्हणून तर बियाण्यात हजार दाण्यांचं वजन सांगायची पद्धत आहे. मात्र भागाकाराने फक्त शेवटच्या आकड्याची चूक लहान होते. काटाच एक टक्का जास्त दाखवत असेल, तर हजार दाण्यांनंतरही तो एक टक्का तसाच राहतो.

अजून कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे काट्याचं आपोआप शून्य धरणं. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक काट्यांत ही सोय असते. शून्यावर असताना झालेला अगदी बारीक, सावकाश बदल काटा तापमानाचा समजतो आणि परत शून्य दाखवतो. त्यामुळे दाणे एकेक करून टाकले तर सुरुवातीचे काही हिशेबात येतच नाहीत! माझ्याकडच्या छोट्या काट्यावर हे अगदी स्पष्ट दिसतं. उपाय सोपा आहे: पारड्यात आधी पाच रुपयांचं नाणं ठेवा (२०११ च्या मालिकेतलं, ठरलेलं वजन ६ ग्रॅम), आकडा लिहून घ्या, मग दाणे टाका आणि वजाबाकी करा. नाणं ठेवल्यावर टेअरचं (पारड्यात वजन असतानाच आकडा शून्य करणारं) बटण मात्र दाबू नका, काही काटे त्या नव्या शून्यालाही तसेच चिकटून बसतात.