एकाच नावावर थरारकथा, डार्क फँटसी आणि प्रवासवर्णन: वाचकांच्या अभिप्रायांचं करायचं काय?

पानपलटी

माझी चार पुस्तकं स्वयंप्रकाशित आहेत, ई-बुक आणि मागणीनुसार छपाई अशा दोन्ही रूपांत. दोन थरारकथा, एका डार्क फँटसी (काळोख्या, भीषण अद्भुतकथेच्या) मालिकेचा पहिला भाग आणि एक प्रवासवर्णन. चारहींवर लेखकाचं नाव एकच. अभिप्राय बऱ्यापैकी येतात, पण त्यांची मोट काही बांधता येत नाही. थरारकथेबद्दल एक वाचक म्हणतो, "खुनी निम्म्यातच कळला." दुसरा म्हणतो, "शेवट आकाशातून पडला." दोघंही एकाच पुस्तकाबद्दल बोलताहेत! फँटसीला पाच स्टार नाहीतर एक स्टार, मधलं काहीच नाही. प्रवासवर्णनाबद्दल "माहिती कमी, लेखकच जास्त" असंही आलंय आणि "नुसतं गाइडबुक झालंय" असंही.

कुठल्या अभिप्रायावरून फाइल बदलायची आणि कुठला सोडून द्यायचा? तिन्ही प्रकार एका नावावर असल्यानं गोंधळ होतोय का? अभिप्रायांना उत्तरं द्यावीत का? "ऐकावे जनाचे, करावे मनाचे" माहीत आहे. प्रत्यक्ष काम कसं करायचं ते हवंय.

खिळेजुळारी

आधी स्टार बाजूला ठेवा. पाच, पाच, पाच, एक, एक यांची सरासरी ३.४ येते, पण पुस्तक ३.४ इतकं बरं वाटलेला वाचक त्यात एकही नाही. त्यात ॲमेझॉनवर दिसणारा आकडा साधी सरासरी नसतोच. अभिप्राय किती ताजा आहे, पुस्तक तिथूनच विकत घेतलंय का, अशा गोष्टींवर त्याचं वजन ठरतं. तो आकडा हलला म्हणून पुस्तकाला हात लावू नये.

मजकुरासाठी स्प्रेडशीट करा. रकाने: पुस्तक, प्रकरण, वाचकाचे शब्द जसेच्या तसे, तक्रारीची जात, हा वाचक या प्रकारची पुस्तकं एरवी वाचतो का (त्याचे इतर अभिप्राय उघडून पाहिले की कळतं), निर्णय. "जसेच्या तसे"चा रकाना गाळू नका. तक्रार आपल्या शब्दांत उतरवली की ती आपोआप मवाळ होते.

तक्रारींच्या जाती चारच: चूक आहे, समजलं नाही, कंटाळा आला, आवडलं नाही. चूक एकानंच दाखवली तरी तपासून दुरुस्त करायची. "समजलं नाही" आणि "कंटाळा आला" यांवर एकमेकांशी संबंध नसलेल्या तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे काम काढायचं (तीन हा काही शास्त्रीय आकडा नाही, पण एकावर धावणं आणि दहांची वाट पाहणं दोन्ही वाईट). "आवडलं नाही" यावरून मजकूर बदलायचा नाही. त्यावरून मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूर तपासायचा, कारण चुकीचा वाचक तिथूनच आत येतो.

आता थरारकथा. ते दोन अभिप्राय परस्परविरोधी वाटतात, पण दोन्ही एकाच दोषातून येऊ शकतात. मुरलेला वाचक खुनी पुराव्यावरून ओळखत नाही, उरलेल्यातून ओळखतो. बाकीच्या संशयितांना हेतू नाही, नाहीतर संधी नाही, म्हणजे राहिला तो हाच. पुरावा मात्र आधी कुठे पेरलेलाच नाही, त्यामुळे नवख्या वाचकाला शेवट आकाशातून पडल्यासारखा वाटतो. अशा वेळी लेखक घाबरून उरलेसुरले धागेही लपवतो आणि दोन्ही तक्रारी वाढतात. करायचं ते उलट. हेतू, संधी, साधन या तिघांपैकी किमान दोन गोष्टी खुन्याखेरीज आणखी दोन पात्रांकडे असू द्या, आणि त्या पुस्तकाचा तीन चतुर्थांश भाग होईपर्यंत टिकू द्या. उलगड्याला लागणारा प्रत्येक धागा आधी दोनदा दिसला पाहिजे, पहिल्यांदा पुस्तकाच्या पहिल्या एक तृतीयांश भागात. लपवायची जागा म्हणजे परिच्छेदाचा मध्य, चार वस्तूंच्या यादीतली तिसरी, किंवा दार धाडकन उघडण्याच्या आधीचं वाक्य. परिच्छेदाचं शेवटचं वाक्य वाचकाच्या डोक्यात राहतं, धागा तिथे ठेवू नका.

"मधे रेंगाळलं" असं आलं तर वाचकानं सांगितलेल्या जागी कात्री लावू नका. दुखतं तिथे, पण कारण बहुधा दोन-तीन प्रकरणं आधी असतं: नायकाला हवं होतं ते मिळालं आणि नवा प्रश्न उघडलाच नाही. प्रत्येक प्रकरणासमोर एक ओळ लिहा, इथे थांबलेल्या वाचकाला काय जाणून घ्यायचंय? लागोपाठ दोन प्रकरणांसमोर तीच ओळ आली तर ती दोन प्रकरणं एकच आहेत, जोडून टाका.

अमावस्या_४

फँटसीबद्दल. पाच आणि एक, मधे काही नाही, हे लेखनापेक्षा वेष्टनाचं लक्षण जास्त वाटतं. एक स्टारवाल्यांचा मजकूर बघा. "फार हिंसा", "एकही पात्र चांगलं नाही" असं असेल तर त्यांना साहसकथा हवी होती. मुखपृष्ठावर उजळ रंग, तलवार उगारलेला तरुण आणि मागे किल्ला असेल तर तेच वाचक येणार. विक्रीच्या पानावर वर्णनाच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं "आणखी वाचा"च्या मागे जातं. काळोख त्या पहिल्या ओळींत आला पाहिजे.

सुरुवातीलाच एक छोटी सूचना द्या: लहान मुलांवरची हिंसा, छळ, आत्महत्या, जे असेल ते नाव घेऊन, कथानक न फोडता. ती आरंभीच हवी, म्हणजे नमुना वाचणाऱ्याला दिसते. किंडलचा (ॲमेझॉनच्या ई-बुकचा) मोफत नमुना साधारण पुस्तकाचा पहिला दहा टक्के भाग असतो. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, प्रस्तावना, शब्दसूची आणि वंशावळ पुढे ठेवलीत तर नमुना त्यातच संपतो. नकाशा पुढे राहू दे, बाकीचं मागे न्या.

"नावं लक्षात राहत नाहीत" ही या प्रकारातली हमखास तक्रार. पहिल्या प्रकरणात चार-पाचांहून अधिक नावं नकोत, आणि दोन मुख्य पात्रांचं पहिलं अक्षर एक नको. देवनागरीत हे जास्त जाचतं, कारण डोळा पहिलं अक्षर आणि त्याची मात्रा पकडतो. करुक, करान, करीथ एकाच दृश्यात असतील तर वाचक मागे पानं उलटत बसतो.

पण सगळे एक स्टार "चुकीचा वाचक" म्हणून उडवू नका, ही पळवाट फार सोयीची आहे. "मेलेले परत येतात, मग भीती कशाची?" अशी तक्रार रचनेवर आहे. जादूची किंमत कोण मोजतं आणि ती पानावर कधी दिसते, हे प्रत्येक वापरासाठी लिहून काढा. किंमत पडद्याआड मोजली गेली तर वाचकाला फुकट मिळाल्यासारखंच वाटतं. हिंसेच्या प्रसंगालाही हीच कसोटी: तो काढला तर पुढे एखाद्या पात्राचा निर्णय बदलतो का? बदलत नसेल तर तो डार्क नाही, नुसता लांब आहे.

पहिल्या भागाला "अर्धवट संपलं" असं येत असेल तर मुखपृष्ठावर "भाग १" ठळक आहे का ते बघा. आणि मालिकेचा मोठा प्रश्न उघडा राहिला तरी एक छोटा प्रश्न याच भागात मिटवा. दुसरा भाग आला की खरा अभिप्राय विक्रीतून मिळेल: पहिला घेणाऱ्या शंभरांतले किती जण दुसरा घेतात. पहिला भाग फुकट किंवा सवलतीत दिला असेल तर तो काळ वगळून मोजा.

कडेकडेनं

खिळेजुळारींच्या तीन वाचकांच्या नियमाला प्रवासवर्णनापुरता आक्षेप. तिथल्या रहिवाशानं "आमच्याबद्दल तुच्छतेनं लिहिलंय" असं म्हटलं तर तुमच्या तक्त्यात ते "आवडलं नाही" खाली जाईल आणि सुटेल. ते "चूक आहे" खाली टाका, एकट्यानंच म्हटलं असलं तरी. त्या जागेबद्दल त्याला लेखकापेक्षा जास्त माहीत आहे.

"लेखकच जास्त" आणि "गाइडबुक" हे दोन्ही एकदम येतात तेव्हा पुस्तकात माहितीचे आणि अनुभवाचे वेगवेगळे ढीग पडलेले असतात. दोन रंगांचे हायलाइटर घ्या, माहितीला एक, अनुभवाला दुसरा. रंग सलग तीन-तीन पानं बदलत नसेल तर दोघंही खरं बोलताहेत. प्रवाशाला जिथे गरज पडते तिथे माहिती आणा: घाटाची उंची दम लागतो तेव्हा, सीमेवरचा नियम अधिकारी पासपोर्ट हातात घेतो तेव्हा.

भाडी, वेळापत्रकं, बंदचे वार, व्हिसाचे नियम हे सगळं नाशवंत. ते परिशिष्टात, वर महिना आणि वर्ष घालून. म्हणजे "माहिती जुनी झाली" या तक्रारीला पुस्तकातच उत्तर असतं आणि नवी आवृत्ती काढताना तेवढीच पानं बदलावी लागतात. उंची आणि अंतरं एकाच मापात ठेवा. फूट आणि मीटरची सरमिसळ वाचक लगेच पकडतात: ३,००० मीटर म्हणजे सुमारे ९,८४३ फूट, आणि ३,००० फूट म्हणजे जेमतेम ९१४ मीटर.

पुस्तकात स्वतःला ओळखलेल्या माणसाची तक्रार आली तर वाद घालू नका. नाव, व्यवसाय आणि गाव तिन्ही बदला. नुसतं नाव बदलून माणूस झाकला जात नाही. दोन प्रवास एकत्र गुंफले असतील तर तसं सुरुवातीला एका वाक्यात सांगून टाका, नाहीतर तारखा जुळवणारा वाचक येतोच.

तिरपी_रेघ

फाइल बदलण्याबद्दल कुणी बोललं नाही.

ई-बुकची नवी फाइल चढवली की नव्या ग्राहकाला नवी मिळते. आधी घेतलेल्याच्या उपकरणातली प्रत आपोआप बदलेलच असं नाही. म्हणून तक्रार करणाऱ्याला "सुधारलंय, पुन्हा बघा" असं कळवू नका, त्याला जुनंच दिसण्याची शक्यता जास्त. श्रेयनामावलीच्या पानावर "सुधारित, महिना, वर्ष" एवढं घाला, म्हणजे पुढची तक्रार कुठल्या फाइलवर आहे ते कळेल. किरकोळ चुका साठवा आणि एकदमच चढवा.

छापील प्रतीत पानं वाढली-घटली की कण्याची (पुस्तकाच्या पाठीची) जाडी बदलते. केडीपीवर (ॲमेझॉनची स्वयंप्रकाशनाची सेवा) क्रीम कागदाचा हिशेब पानाला ०.००२५ इंच, म्हणजे २० पानं वाढली तर ०.०५ इंच, सव्वा मिलिमीटरहून थोडं जास्त. जुनंच मुखपृष्ठ ठेवलं तर कण्यावरचं नाव कडेला सरकतं किंवा फाइल परत येते. मजकुराबरोबर मुखपृष्ठही नव्या मापाचं करा.

"अक्षरं फुटलीत" ही तक्रार लेखक हसण्यावारी नेतात, पण मराठी ई-बुकात ती बहुतेक वेळा खरी असते. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात र ला हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह असतं. रूपांतरात ते गळलं की "दुसऱ्या"चं "दुसर्या" आणि "तऱ्हा"चं "तर्हा" होतं. उपाय म्हणजे नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ (युनिकोड ०९३१) आणि त्याला हलन्त. हे जोडचिन्हावर अवलंबून नसल्यानं टिकतं. "र्य" आणि "र्ह" शोधा, पण सरसकट बदलू नका, नाहीतर सूर्य, कार्य, गर्हणीय यांचाही बळी जाईल. एकेक ठिकाण डोळ्यांखालून घाला. अ वर चंद्र जोडून केलेला ॲ सुद्धा असाच फुटतो, त्यासाठी स्वतंत्र अक्षर आहे (०९७२). शेवटी फोनवरच्या ॲपमध्ये आणि ई-इंक रीडरवर, दोन्हीकडे फाँट बदलून बघा.

पानपलटी

हायलाइटरचा प्रयोग आणि "र्य"चा शोध दोन्ही लगेच करण्यासारखे आहेत. उत्तरं देणं, आगाऊ प्रती (प्रकाशनाआधी वाचायला दिलेल्या) आणि नावाचा प्रश्न राहिला. किंडल अनलिमिटेडच्या (ॲमेझॉनची वर्गणीवर ई-बुक वाचायची योजना) वाचलेल्या पानांवरून वाचक कुठे थांबतो ते काढता येतं का?

खिळेजुळारी

नाही. तिथे दिवसाची एकूण पानं दिसतात, वाचकागणिक नाही. तीनशे पानं म्हणजे एकानं पुस्तक संपवलं की तीस जणांनी दहा-दहा पानांवर सोडलं, हे त्यातून कळत नाही.

जाहीर अभिप्रायाला जाहीर उत्तर देऊ नका, कौतुकालाही नको. लेखक तिथे घुटमळतोय हे दिसलं की पुढचे वाचक हात आखडतात. ईमेल आला तर आभार मानून एकच प्रश्न विचारा: पुस्तक कुठल्या पानावर खाली ठेवलंत?

आगाऊ प्रत फुकट देता येते. अभिप्राय ही तिची अट ठेवता येत नाही, चांगला अभिप्राय मागणं तर दूरच. पैसे, गिफ्ट कार्ड, लेखकांनी एकमेकांना अभिप्राय देणं हे सगळं ॲमेझॉनच्या नियमात बसत नाही. घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचे अभिप्रायही चालत नाहीत, ते काढले जाऊ शकतात. आगाऊ प्रतीचे वाचक आणि बीटा वाचक (पुस्तक पक्कं होण्याआधी मसुदा वाचून दोष सांगणारे) वेगळे ठेवा. बीटा वाचक पाच ते आठ पुरेत, त्याच प्रकारचे नेमानं वाचणारे. थरारकथेसाठी त्यांना २५, ५० आणि ७५ टक्क्यांवर थांबवून दोनच गोष्टी लिहायला सांगा: संशय कुणावर आणि कशावरून. ५० टक्क्यांवर बहुतेकांचं उत्तर बरोबर आलं आणि "कशावरून"पुढे "दुसरं कोण असणार?" असं असलं, की वर सांगितलेला दोष पक्का.

अमावस्या_४

नावाबद्दल: तीन नावं करू नका. थरारकथा आणि डार्क फँटसीचे वाचक थोडेफार एकमेकांत मिसळतात, प्रवासवर्णनाचे फारसे नाही. वेगळं काढायचं तर तेवढंच काढा, आणि तेही पुढच्या पुस्तकापासून. केडीपीवर छापील पुस्तक एकदा प्रसिद्ध झालं की लेखकाचं नाव बदलता येत नाही. नवी आवृत्ती, नवा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) करावा लागतो आणि जुने अभिप्राय तिकडे जातील याचा भरवसा नाही. तोवर मुखपृष्ठांनी काम भागवा: प्रत्येक प्रकाराला आपला फाँट, आपले रंग, आणि शीर्षकाखाली "थरारकथा" किंवा "प्रवासवर्णन" असं स्पष्ट.

कडेकडेनं

आणि प्रवासवर्णनाच्या शेवटच्या पानावर रक्ताळलेल्या मुखपृष्ठाची जाहिरात असेल तर ती आजच काढा. त्या जागी परिशिष्टातले बदल कळवण्यासाठी ईमेल द्या.