परक्या वाडीतून रात्रीचं घरी येणं आणि 'द वॉरियर्स' : तुमचेही अनुभव लिहा

सुरंगीचा वळेसर
मे संपत आला, आगळ (कोकमांचा खारवलेला रस) भरायचं काम काढलंय. काल पडवीत बिअरच्या रिकाम्या बाटल्या धुऊन उपड्या घातल्या होत्या. (नाकं मुरडू नका, आमच्याकडे आगळ त्यातच राहतं.) भाच्याने दोन-तीन बोटांत अडकवल्या आणि एकमेकींवर आपटल्या. टिंग, टिंग, टिंग. माझा साबणाचा हात तसाच राहिला.

'द वॉरियर्स'! १९७९चा, वॉल्टर हिलचा. शेवटी तो खलनायक ल्यूथर गाडीत बसून बाटल्या वाजवत चिरक्या आवाजात वॉरियर्स टोळीला 'खेळायला' बोलावतो ना, तेच.

आम्ही बघितला १९८८ला. मामा बोटीवर होता, त्याने आणलेली कॅसेट. भाड्याचा व्हीसीआर, पडद्यावर मुंग्याच मुंग्या, इंग्रजीचं ओ की ठो कुणाला कळत नव्हतं. पण गोष्ट कळली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या टोळीतली नऊ पोरं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सगळ्या टोळ्यांच्या सभेला जातात, तिथे सभा बोलावणाऱ्या सायरसला गोळी घालतात, आळ यांच्यावर येतो आणि मग रात्रभर दुसऱ्यांच्या हद्दीतून घर गाठायचं. याला इंग्रजी कशाला लागतंय?

त्यानंतर आठ दिवसांनी महाशिवरात्र. कुणकेश्वराच्या जत्रेला आम्ही पाच जण, तीन भाऊ, मी आणि शेजारची एक. एसटीचे पैसे खाजं आणि पाळण्यात संपले. मग चालत. किनाऱ्याकिनाऱ्याने मिठमुंबरी, तिथून तर (खाडी ओलांडायची होडी) पकडायची, असा दादाचा बेत. पण महाशिवरात्र म्हणजे चतुर्दशी, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, चौदाची साडेदहा, आणि आम्ही निघालो अकराला. पुळण सगळी पाण्याखाली. म्हणजे वाडीतूनच जायचं. आणि त्या वाडीच्या पोरांशी मागच्याच रविवारी मॅचमध्ये वाजलेलं. अंपायर आमचा होता, एवढंच सांगते.

माडांमागून बॅटऱ्या. एक, दोन, चार. कुणी काही बोलेना. 'पळायचं नाही,' दादा म्हणाला, आणि त्याचाच आवाज फुटला. माझ्या हातात खाज्याची पुडी होती, ती इतकी दाबली की घरी आल्यावर नुसता भुगा. तेवढ्यात एका खळ्यातून म्हातारीचा आवाज, 'कोणाचे रे तुमी?' दादाने आजोबांचं नाव सांगितलं. 'मगे भायर कित्याक उभे? येवा.'

बॅटऱ्या विझल्या. पडवीत निजवलं तिने आम्हाला. सकाळी तरीवर बघतो तर वल्हं मारणारा बॅटरीवाल्यांपैकीच एक. खाडी ओलांडेपर्यंत गप्प होता. उतरताना म्हणाला, 'मी आउट नव्हतंय.' पैसे घेतले नाहीत.

तुमचं असं काही? पिक्चर बघितला नसेल तरी चालेल.

एसटी हात दाखवा
मी नव्हतंय आउट 😂😂

आंबोळी
आगळाला मीठ किती घालतेस? आमचं गेल्या वर्षी वरून बुरशी धरून गेलं.

शिमग्याचा पाहुणा
आमचा गुहागर तालुका. होळीची लाकडं चोरायला दुसऱ्या वाडीत जायचो. चोरी नव्हे ती, मान असतो, ज्याची लाकडं गेली त्याने बोंबा मारायच्या. एकदा कुंपणावरून उडी मारली ती थेट त्यांच्या शिमग्याच्या खेळ्यांतल्या संकासुरासमोर. काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तो बिचारा खेळे आटपून विडी ओढत बसला होता. पण मी दिसताच उठला आणि लागला मागे. विडी तोंडात तशीच, घुंगरं वाजतायत, आणि मी खांद्यावर ओंडका घेऊन पळतोय. ओंडका का टाकला नाही ते आजतागायत माहीत नाही.

त्या पिक्चरमध्ये तोंडं रंगवलेले बेसबॉलवाले बॅटी घेऊन बागेतून धावत येतात. आमच्या ग्रुपमधली बाकीची पोरं हसत होती. मला घाम.

एसटी हात दाखवा
@शिमग्याचा पाहुणा, ओंडका पोचला का वाडीत?

शिमग्याचा पाहुणा
पोचला. ओला निघाला. पेटलाच नाही.

निवृत्त मास्तर
थोडी भर घालतो. चित्रपट सॉल युरिक यांच्या १९६५च्या कादंबरीवरून, आणि कादंबरीच्या मुळाशी ग्रीक झेनोफनचं 'अनाबसिस'. इ.स.पू. ४०१. धाकट्या सायरसने भावाचं इराणी तख्त घ्यायला भाडोत्री ग्रीक सैन्य नेलं. कुनाक्साच्या लढाईत तो स्वतःच मारला गेला आणि दहा हजार ग्रीक परमुलखात अडकले. लढत लढत उत्तरेकडे निघाले. डोंगरावरून काळा समुद्र दिसला तेव्हा पुढचे ओरडले, 'थलाट्टा! थलाट्टा!' म्हणजे समुद्र, समुद्र. सिनेमातला सायरस उगाच सायरस नाही, आणि ती पोरं शेवटी पहाटे समुद्रावर पोचतात तेही उगाच नाही.

मी शिकवायचो तेव्हा हे वर्गात सांगून पाहिलं. मागच्या बाकावरून आवाज आला, 'सर, मग त्यांना मासे मिळाले का?'

कर्ली नदीचा गाळ
मास्तर, प्रश्न बरोबरच आहे की!!

मुक्काम पोस्ट चिपळूण
मी आधी गेम खेळलो, पिक्चर नंतर. २००५चा, रॉकस्टार कंपनीचा. चुलतभावाकडे पीएसटू (प्लेस्टेशन २) होतं. त्यात पिक्चरच्या आधीचीही गोष्ट आहे, ही गँग जमली कशी वगैरे. त्यामुळे पिक्चर बघताना वॉरियर्सच्या म्होरक्याला, क्लिऑनला, सुरुवातीलाच घेरून मारतात तेव्हा जाम वाईट वाटलं, मी त्याला महिनाभर ओळखत होतो ना.

चुलतभाऊ आता दुबईला. बोलणं नाही. जमिनीवरून. असो.

पाणकोळी
खरं सांगू? पिक्चर एवढा काही ग्रेट नाही. सायरस भाषणात हिशेब मांडतो, आपण साठ हजार, पोलीस वीस हजार, शहर आपलं. अरे बाबा, आमच्या वाडीतल्या दोन मंडळांचं गणपतीच्या विसर्जनाच्या वेळेवर एकमत होत नाही, तू शंभर गँगा एक करणार? त्याला गोळी घातली नसती तरी दुसऱ्या दिवशी वर्गणीवरून फुटलेच असते.

आणि २००५ला दिग्दर्शकानेच जी नवी प्रत काढली, मध्ये मध्ये चित्रकथेच्या चौकटी घुसवून, ती बघू नका. जुनीच बघा.

एसटी हात दाखवा
वर्गणीवरून +१

रापणकरीण
मला मारामाऱ्या आठवत नाहीत, रेल्वेतला तो मुका प्रसंग आठवतो. वॉरियर्समधला स्वॉन आणि वाटेत त्यांच्याबरोबर आलेली मर्सी दमून, मळून बसलेत. समोर पार्टीतून आलेली नटलेली जोडपी येऊन बसतात. ती त्यांच्याकडे बघते, हात केसांकडे जातो, आणि तो तिचा हात धरून खाली घेतो. एक शब्द नाही.

मी सातवीत असेन. रत्नागिरी स्टँडवरून संध्याकाळची गाडी, आई, मी आणि मासळीची रिकामी पाटी. लग्नाचं वऱ्हाड चढलं. समोरच्या बाईने पदर नाकाला लावला. आईने पाटी पायाने सीटखाली ढकलली, ती वळणावर सरकून परत बाहेर आली. परत ढकलली. परत आली. आईने मग दोन्ही पाय त्या पाटीत ठेवले आणि तशीच बसून राहिली. मी खिडकीतून बाहेर बघत होते. काळोखात काही दिसत नव्हतं.

पिक्चर खूप नंतर मुलाने मोबाइलवर लावून दिला. तिथे थांबवून ठेवला मी थोडा वेळ. तो विचारत होता, आई नेट गेलं का.

आंबोळी
ताई...

निवृत्त मास्तर
त्या गाडीत मी असू शकलो असतो. चाळीस वर्षं तोच रूट केला.

रापणकरीण
मास्तर, तुम्ही असतात तर पाटी धरली असतीत. काही मास्तर धरायचे.

कर्ली नदीचा गाळ
विषय सोडून विचारतो, ती खाडीतली तर आता चालू आहे का कुठे त्या बाजूला? की पुलाने सगळं खाल्लं?

सुरंगीचा वळेसर
@गाळ, पूल झाला, आता मिठमुंबरीवरून गाडी जाते पाच मिनिटांत. म्हातारी कधीच गेली. घराचं रिसॉर्ट झालंय, परवा चौकशीला गेले तर गेटवर वॉचमनने विचारलं, बुकिंग आहे का. कोणाची तू, असं नाही विचारलं.

@आंबोळी, आमच्याकडे रसाच्या पाव हिश्शाने मीठ, जाडं, समुद्राचं. बाटली हडहडीत वाळलेली हवी, आत पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी येणारच. आणि मान कोरडी पुसायची, ते लोक विसरतात.

आंबोळी
पाव हिस्सा? मी अर्ध्याहून कमी घातलं होतं त्याच्याही. तरीच. बाटल्या जास्तीच्या असतील तर दे चार.

सुरंगीचा वळेसर
तीनच देते. एक भाच्याने ल्यूथर होऊन फोडली आत्ता. पडवीत याल तर चपला घालून या.