घरात आत्महत्या झाली असेल, तर विकताना सांगायला हवं की नको?

ठाणेकर: गेल्या वर्षी रिसेलचा फ्लॅट घेतला. वकिलाने तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला, सोसायटीची एनओसी आली, सगळं चोख. वास्तुशांतीला आलेल्या शेजारच्या काकूंनी हळूच सांगितलं, आधीच्या मालकांच्या मुलाने आतल्या खोलीत आत्महत्या केली होती. तेव्हा आठवलं, त्या दाराला कडी नवी होती आणि कडीपाशी चौकटीला लांबी भरून वर रंग मारलेला. घर बघताना मी त्यावरून हात फिरवला होता. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण बायको त्या खोलीत झोपत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55 म्हणतं, घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही कळणार नाही असा मिळकतीतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगावा. यात हेही यायलाच हवं.

मावळतीची खिडकी: नाही पटत. स्लॅब गळतो, तो दोष. माणूस गेला, हा दोष कसा? माझा भाऊ आमच्या घरात असाच गेला. घर विकायला काढलं तेव्हा आम्ही येईल त्याला खरं सांगितलं. सात जण बघून गेले, नंतर एकानेही फोन उचलला नाही. एजंट म्हणाला, 'मॅडम, भाव पाडा.' आईसमोर म्हणाला. आठव्याला आम्ही काही सांगितलं नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. आजोळच्या माजघरात बाळंतपणंही झाली आणि मरणंही. त्या घराला कुणी नावं ठेवली नाहीत.

जुनी फाईल: कलम 55 मध्ये मृत्यूचा शब्दही नाही, त्यामुळे आपल्याकडे सगळं वकिलाच्या युक्तिवादावर. जपानात अशा घराला 'जिको बुक्केन' म्हणतात. तिथल्या सरकारच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार म्हातारपणाने किंवा आजाराने आलेलं मरण सहसा सांगावं लागत नाही. आत्महत्या किंवा खून असेल तर भाड्याच्या घरासाठी साधारण तीन वर्षं सांगायचं. विक्रीला अशी मुदत नाही. कॅलिफोर्नियात तीन वर्षांहून जुना मृत्यू आपणहून सांगायचं बंधन नाही, पण थेट विचारलं तर खोटं बोललेलं चालत नाही. मला हे सगळ्यात न्याय्य वाटतं.

ठाणेकर: ताई, आईंसमोर तसं बोलायला नको होतं, वाचून वाईट वाटलं. तरी माझं मत तेच. आयुष्यभराची कमाई आणि वीस वर्षांचे हप्ते घालून घेतलेलं घर आहे, ते घ्यायचं की नाही हे आम्हाला ठरवता यायला हवं होतं. आता पुतण्याचा व्यवहार चाललाय. इसार पावतीत ओळ घालून घेतली: 'सदर सदनिकेत गेल्या तीन वर्षांत अनैसर्गिक मृत्यू झालेला नाही.' विकणाऱ्याने लगेच सही केली.

मावळतीची खिडकी: ती ओळ आमच्यापुढे आली असती तर मी सही केली नसती. आठव्याने विचारलं असतं, तरी खोटं बोलले नसते. त्याने फक्त पार्किंगचं विचारलं.