मदत हवी आहे: एंडोस्कोपीच्या दिवशी शुगरच्या औषधांचं काय?

आईची (वय 68) सोमवारी दुपारी 12 ला गुंगीचं इंजेक्शन देऊन एंडोस्कोपी आहे. जेवण 8 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत, घशात लिग्नोकेनचा कडूजहर स्प्रे, दातांत माउथगार्ड, डाव्या कुशीवर झोपवणं, हे सगळं ठाऊक आहे. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत नंतर पाण्याचा घोटही नाही, नाहीतर तो श्वासनलिकेत जातो.

घोडं अडलंय शुगरपाशी. ग्लिमेपिराइड उपाशीपोटी घेतली तर शुगर खाली येणार, म्हणजे सकाळची टाळायची ना? शिवाय आठवड्याचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन नेमकं रविवारी येतं. त्यानं जठर उशिरा रिकामं होतं, मग उपास धरूनही पोटात अन्न उरायचं! ते पुढं ढकलतात का? भूल देणाऱ्या डॉक्टरांना उद्या फोन करणारच आहे. आणखी काय विचारून घेऊ?