मदत हवी आहे: हिरवा खडा मोल्डावाइट की साधी काच?

पैलू पाडलेला, सुटा, शेवाळी हिरवा खडा आहे. पेरिडॉट (एक हिरवं रत्न) म्हणून मिळाला होता, पण तो पेरिडॉट नाही हे आता नक्की. हवेत वजन १.४२ ग्रॅम, पाण्यात बुडवल्यावर ०.६० ग्रॅमने कमी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) २.३७ च्या आसपास. पेरिडॉटचं ३.३ च्या आसपास असतं, तुरमलीचं ३ च्या वर, पाचूचंही २.७. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो, तरी एवढी चूक होणार नाही. १० पट भिंगातून मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसत नाहीत (पेरिडॉटमध्ये ठळक दिसतात) आणि आत बुडबुडे आहेत.

म्हणजे काच. पण कुठली? मोल्डावाइट, म्हणजे उल्काघातातून बनलेली काच, याच गुरुत्वात बसते. पण बनावट काचही तशी करता येते. बुडबुडे दोन्हींत सापडतात, त्यामुळे त्यांचा उपयोग नाही. खऱ्या मोल्डावाइटमध्ये लेशाटेलिएराइटचे (वितळलेल्या सिलिकाच्या नैसर्गिक काचेचे) पिळदार तंतू असतात असं वाचलंय. मला वळणावळणाच्या रेषा दिसतात, पण त्या ओतीव काचेतल्या लहरीही असू शकतात.

रिफ्रॅक्टोमीटर (अपवर्तनांक मोजायचं उपकरण) नाही. ओरखडा काढायचा नाही. कठीणपणा तसाही जवळपास सारखाच. खडा ग्लिसरीनमध्ये बुडवून भिंगाखाली पाहिला, तर हे तंतू आणि काचेतल्या लहरी यांत नेमका काय फरक दिसेल?